कडेच्या खुर्चीतल्या मॅडम

सिनेमा संपून दिवे लागले की आमच्या फिल्म सोसायटीतली मोठमोठी माणसं बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकत. नाड्या सुटलेल्या नसत. काहींच्या पायांत तर चपला असत, तरी तेही वाकत. कारण पहिल्या रांगेच्या अगदी टोकाच्या खुर्चीतून मॅडम उठलेल्या असत आणि ज्याच्याशी नजर भिडेल त्याला विचारत, "काय गा, चहा कोणं आणला?"

म्हणजे सिनेमात. नायक-नायिका टेबलाशी बसून एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, तेव्हा बाजूनं एक हात येतो, कप ठेवतो आणि निघून जातो. तो हात कुणाचा होता? बाईचा की बाप्याचा? गोरा की काळा? त्या हाताला पुढं तोंड फुटलं का? फुटलं असेल तर ते तोंड काही बोललं का? मॅडमना सिनेमातलं एवढंच जाणून घ्यायचं असे. शहरातले एक नामांकित वकील, ज्यांच्यापुढं साक्षीदारांची बोबडी वळायची, ते या प्रश्नाला एकदा म्हणाले, "मॅडम, मी आज चष्मा विसरलो." चष्मा त्यांच्या नाकावर होता.

त्या कडेला का बसत हेही मी एकदा विचारलं होतं. "मधात बसलं की मधातलेच दिसतात," त्या म्हणाल्या. अख्खा सिनेमा मान वाकडी करून बघायच्या. त्यांची मान कायमची थोडी डावीकडं कलली होती, आणि ते वयामुळं नसून युरोपियन सिनेमामुळं आहे असं त्यांचं म्हणणं होतं.

कॉलेजात त्या आम्हाला भूगोल शिकवत. फळ्यावर जगाचा नकाशा टांगून त्या छडी एखाद्या कोऱ्या जागेवर ठेवत, जिथं ना नदी ना शहर. "इथं कोण राहते?"

"इथं काही नाही, मॅडम."

"नकाशा काढणारा तिथं गेला नाही, एवढंच तुले म्हणता येते. बस खाली."

या पद्धतीनं शिकून परीक्षेत किती जण पास झाले हे मी सांगत नाही. मी झालो. आमच्या कोष्ट्यांच्या वस्तीत बी.ए. झालेला मी पहिला. वडील मागावर बसत, आई रहाटावर सुताच्या कांड्या भरी, आणि त्या मागाच्या खोलीच्या दारावर मी रंगाऱ्याकडून पाटी करून लावली : माझं नाव, पुढं स्वल्पविराम, पुढं बी.ए. ज्या गल्लीत मला जन्मल्यापासून सगळे ओळखत होते आणि जिथं परका माणूस वर्षातून एखादा यायचा, तिथं मी ती पाटी कुणासाठी लावली होती ते मला आजही सांगता येत नाही. पाटीचा उपयोग इतकाच झाला की पोट्टे मला नाव सोडून 'बी.ए.' म्हणू लागले. "ओ बी.ए., तुमची शेळी आमच्या दारात आली."

पदवी मिळाल्यावर मी आणखी एक काम केलं. 'मले' म्हणणं सोडलं आणि 'मला' म्हणू लागलो. नुसता म्हणू लागलो असतो तर ठीक होतं, मी आईचंही दुरुस्त करू लागलो. ती म्हणे, "मले पाणी दे गा." मी म्हणे, "मला." ती म्हणे, "तुले बी घे मग."

मॅडमचं बोलणं याच्या बरोबर उलटं. प्राचार्यांशी, कलेक्टरांशी, सोसायटीतल्या डॉक्टरांशी त्या ठसठशीत आपल्या बोलीत बोलत : "काय करून राहिले जी साहेब?" आणि सायकलरिक्षावाल्याशी पुस्तकी मराठीत : "आपण मला सीताबर्डीपर्यंत सोडाल का?" रिक्षावाला आधी मागं वळून बघे, की हे 'आपण' कोण आलंय. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "ज्याले दिवसभर 'ए' म्हणतात त्याले एकदा तरी 'आपण' म्हणावं. आणि ज्याले दिवसभर 'सर' म्हणतात, त्याले थोडं उतरवावं." मला त्या कधीच 'आपण' म्हणाल्या नाहीत. याचा मी तेव्हा फार अभिमान बाळगला. हिशेब नीट लावला असता तर बाळगला नसता.

मॅडम मराठी ख्रिस्ती. आजोबा सावनेरकडचे शेतकरी, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. सुती साडी, घट्ट अंबाडा, मनगटावर वडिलांचं मोठं पुरुषी घड्याळ. रविवारी सकाळी प्रार्थना आणि तिथून थेट आमच्या सोसायटीचा खेळ. पण हिंदी सिनेमाबद्दल त्यांचं एक जुनं दुखणं होतं, आणि ते दुखणं मी एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिलं. उघड्या म्हणजे, निम्मा वेळ मी ते मिटून घेतले होते.

बर्डीवरच्या टॉकीजमध्ये मॅटिनी. मॅडमनी मला सोबत नेलं होतं. मध्यंतरानंतर पडद्यावर खलनायकाचा अड्डा आला, लाल दिवे आले, आणि आखूड झगा घातलेली, ओठांत सिगारेट धरलेली एक बाई आली. खलनायकानं तिला नावानं हाक मारली. नाव अर्थात ख्रिस्ती. त्याबरोबर माझ्या शेजारी मॅडम ताडकन उभ्या राहिल्या आणि वर्गात म्हणतात तसं खणखणीत म्हणाल्या, "हजर!"

थिएटरात खसखस पिकली. मागचे एक सफारीवाले साहेब म्हणाले, "बाई, बसा, मागं दिसत नाही."

"मले बी दिसून नाही राहिलं जी साहेब, म्हणून तं उभी झाली."

डोअरकीपर टॉर्च घेऊन धावत आला. उजेड मॅडमच्या तोंडावर. मी खुर्चीत इतका खाली घसरलो होतो की माझे गुडघे पुढच्या खुर्चीला आणि डोकं माझ्याच बसायच्या जागेला लागलं होतं. मॅडम त्याला म्हणाल्या, "आपण कृपया हा उजेड खाली घ्याल का? माझ्या समाजाची एक बाई पडद्यावर आली आहे. अशी ती दरवेळी येते, तिला याखेरीज दुसरं काम मिळत नाही. तिच्या नावाची हजेरी देऊन मी लगेच बसते."

त्या डोअरकीपरला उभ्या जन्मात कुणी 'आपण' म्हटलं नसावं. त्यानं टॉर्च विझवला आणि म्हणाला, "बसा जी, सावकाश बसा."

बाहेर पडल्यावर मी बराच वेळ दहा पावलं मागून चालत होतो. मॅडम थांबल्या. "लाज वाटली?"

"नाही मॅडम."

"वाटली. वाटू दे. पण सांग, मराठी सिनेमात आपल्या नागपूरकडचा माणूस कधी येते? हसायले येते. तो म्हणते 'काहून' आणि लोक खो खो हसतात. त्यानं तं काही विनोद केलाच नसते. तुले तेव्हा लाज नाही वाटली?"

मला वाटली होती. आणि तिच्यावर उपाय म्हणून मी 'मला' म्हणायला शिकलो होतो. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना ते माहीत असावं.

सोसायटीत मला त्यांनीच आणलं. सगळे सभासद धंतोली नाहीतर रामदासपेठेतले : डॉक्टर, वकील, बँकेचे अधिकारी आणि दाढी राखलेले एक प्राध्यापक, जे प्रत्येक सिनेमात 'अवकाश' शोधत. त्यांनी सिनेमावर बोलायला सुरुवात केली की घड्याळं थांबत. मी तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होतो. मॅडमनी समितीपुढं माझं नाव ठेवलं, आणि मला वाटलं माझ्या बुद्धीची शेवटी कुणीतरी दखल घेतली. पहिल्याच दिवशी मी नवा शर्ट घालून गेलो आणि मधोमध बसलो.

नागपुरात अजून टीव्ही यायचा होता तेव्हाची ही गोष्ट. कुठल्याशा दूतावासाकडून एक फ्रेंच सिनेमा आला. प्रेमकथा, तीही विनोदी. समुद्राकाठचं हॉटेल, चुकून एकाच खोलीची किल्ली दोघांना मिळते. एक सूट घातलेला गृहस्थ, एक भली मोठी टोपी घातलेली बाई. भांडतात, पुन्हा भांडतात आणि शेवटी लग्न करतात. खेळापूर्वी दोन शब्द बोलायचं काम माझ्यावर आलं. आठवडाभर मी ते दोन शब्द लिहीत होतो. त्यांचे चार कागद झाले. 'वैश्विक' हा शब्द मी त्यात इतक्या वेळा घातला होता की तिसऱ्या कागदावर माझी जीभ अडखळायला लागली. प्रेमाला ना देश ना वेश ना रंग, असं काहीतरी मी ठासून म्हणालो. टाळ्या पडल्या.

खेळ संपला. मी नाड्या बांधायला वाकलो नाही, कारण मी टाळ्यांच्या धुंदीत होतो.

"काय गा बी.ए., चहा कोणं आणला?"

"कॉफी होती, मॅडम," मी हुशारीनं म्हणालो.

"बरं, कॉफी. कोणं आणली?"

मी आठवून पाहिलं. "ट्रे आला होता."

"आपल्या पायानं चालत आला?"

सगळे हसले. वकीलसाहेब तर टाळी देऊन हसले. चष्म्याच्या प्रसंगानंतर त्यांना कुणीतरी जोडीदार मिळाला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "एक पोट्टी होती. पांढरा एप्रन, आफ्रिकेकडची असंन. अख्ख्या सिनेमात तुह्या-माह्या रंगाची थे एकटी. पहिल्यापासून शेवटपर्यंत मांगं उभी आहे आणि तिले एक वाक्य नाही. तू आताच सांगितलं नं, प्रेमाले रंग नसते? मग रंग कुठं गेला हे तरी पाहायचं होतं."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. चार कागदांवर एवढं सुंदर बोललो त्याचं काही नाही, आणि एका मोलकरणीवरून माझा पाणउतारा. मी तो सिनेमा लगेच दुपारच्या खेळाला पुन्हा पाहिला. पण काय सांगू, टोपीवाली इतकी देखणी होती की दुसऱ्यांदाही माझं लक्ष तिच्यावरच राहिलं.

मॅडमनी तिथंच पुढचं फर्मान काढलं. रिळं परत जायला आठवडा होता. पुढच्या रविवारी हाच सिनेमा आमच्या कोष्ट्यांच्या वस्तीत, समाजाच्या सभागृहात दाखवायचा. दाढीवाले प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, त्या लोकांना यातलं काय कळणार?"

त्यांनी हे माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं. मला 'त्या लोकां'त धरलं नाही याचा इतका आनंद झाला की मीही मान डोलावली.

"हा सांगंन नं," मॅडम माझ्याकडं बोट करून म्हणाल्या. "माईकवर. जसा जसा सिनेमा पुढं जाईन, तसं तसं."

आता अडचण सांगतो. त्याच रविवारी उमरेडहून आमच्याकडं पाहुणे यायचे होते. आईनं त्या वर्षी माझ्या लग्नाचं मनावर घेतलं होतं. मुलगी मॅट्रिक, बालवाडीत शिकवणारी, आणि आमच्यात मॅट्रिक मुलगी म्हणजे तेव्हा दुर्मीळच. शिवाय मी तिचा फोटो पाहिला होता, आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून वरचेवर पुन्हा पाहत होतो. हे स्थळ मला हवं होतं. मी मॅडमना जाऊन म्हटलं, खेळ पुढं ढकला.

"ढकलायचा काहून? त्यांनाच बोलाव. दरवेळी पोरीनंच पोहे घेऊन खाली मान घालून यायचं. या वेळी तू ये माईक घेऊन, अन् थे बसंन खुर्चीत."

मला वाटलं आई हे ऐकून अंगावर येईल. पण आई उठून उभी राहिली. पोरगा माईकवर, विलायती सिनेमा समजावून सांगतोय, अख्खी वस्ती ऐकतेय आणि सोयरे पहिल्या रांगेत! तिनं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत निम्म्या गल्लीला निरोप देऊन टाकला. आता माझं लग्न, माझी पदवी आणि माझ्या आईची मान हे सगळं एका माईकला टांगलेलं होतं.

सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नव्हते. बायांनी घराघरांतून मागावरून नुकतीच उतरलेली लुगडी आणून खिडक्यांवर टांगली. काठांच्या रंगाचा उजेड आत झिरपत होता. पुढं पुरुष, मागं बाया, मधे पोरं. उमरेडचे वडील आणि मामा पुढच्या बाकावर. मुलगी बायांत बसायला निघाली तर मॅडमनी तिचा हात धरून तिला टोकाच्या खुर्चीवर आपल्या शेजारी बसवली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मी सुरुवात झकास केली. "मित्रहो, मला आज आपल्यासमोर..." मागून कुणीतरी बाई म्हणाली, "मले ऐकू येऊन नाही राहिलं," आणि हशा पिकला. मी गोष्ट सांगू लागलो : हा सूटवाला साहेब, ही टोपीवाली, ही किल्ली. लोक गप्प ऐकत होते. मग न्याहारीचा प्रसंग आला, आणि ट्रे आला. या वेळी मला ट्रेच्या मागची मुलगी दिसली. दिसणारच, सगळी वस्ती तिच्याकडं बोट दाखवत होती.

"हे कोण होय गा?" शेजारची काकू ओरडली.

"ती कामवाली आहे, काकू."

"नाव काय तिचं?"

"नाव दिलेलं नाही."

"अवं माय, बिना नावाची कशी असंन?"

"ते महत्त्वाचं नाही, काकू," मी माईकवर म्हणालो.

सभागृह गप्प झालं. ज्यांना 'तुम्ही महत्त्वाचे नाही' हे कचेरीपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवलं होतं, त्यांना आता ते त्यांच्याच बी.ए.नं माईकवर सांगितलं होतं. पण मी हे सगळं नंतर विचार करून म्हणतोय. तेव्हा मला फक्त वाटलं, चला, गप्प बसले.

ते पुन्हा बोलले. साहेब आरशासमोर उभा राहून मागणी कशी घालायची याची तालीम करतो, आणि मागं व्हरांड्यात ती मुलगी तोंडावर हात धरून उभी. "काहून हासून राहिली थे?"

"ती हसत नाही, खोकते आहे," मी म्हणालो. नायकावर मोलकरीण हसते हे मला बरं वाटेना.

मग बराच वेळ ती दिसलीच नाही. साहेब आणि टोपीवाली नावेत बसून भांडत होते, फार गमतीचा प्रसंग होता, पण आमच्या बायांचं लक्ष उडालं होतं. "गेली कुठं वं थे? गा, सांग नं, पोट्टी कुठं गेली?"

मला काही माहीत नव्हतं. खालची इंग्रजी अक्षरं साहेबांचं नि टोपीवालीचं बोलणं सांगत होती, तिच्याबद्दल त्यांत अवाक्षर नव्हतं. पण बी.ए. माणसानं माईकवर 'माहीत नाही' कसं म्हणायचं? मी म्हणालो, "तिचं लग्न झालं."

सभागृहात एकदम आनंद पसरला. एका पोरानं शिट्टी मारली. "कोणाशी?"

"हॉटेलच्या खानसाम्याशी."

"चांगलं झालं बाप्पा!"

इतक्यात पडद्यावर दार उघडलं आणि ती ट्रे घेऊन आत आली. तोच एप्रन, तोच ट्रे.

कडेच्या खुर्चीकडून शांत आवाज आला. मी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता, पण तो कुणाचा ते मला लगेच कळलं. "लग्न झालं होतं ना तिचं?"

"रजा संपली तिची," मी म्हणालो.

एवढा हशा झाला की प्रोजेक्टर चालवणारासुद्धा हसला. उमरेडचे वडील मांडीवर थाप मारून मामांना म्हणाले, "पोट्टा हजरजबाबी आहे!" आईनं हे ऐकलं. मला जरा धीर आला, आणि तोच मला नडला.

शेवटचा प्रसंग लग्नाच्या फोटोचा. हॉटेलच्या पायऱ्यांवर सगळे उभे : साहेब, टोपीवाली, मॅनेजर, दारवान, खानसामा आणि टोपीवालीचं कुत्रं. कुत्र्याच्या गळ्यात रिबीन.

"कुत्रं घेतलं फोटोत!" काकू उभी राहिली. "अवं, कुत्रं घेतलं, अन् तिले नाही घेतलं!"

बायांत गलका झाला. आणि पुन्हा तो शांत आवाज : "फोटोत ती का नाही?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. पडद्याकडं कुणीच नाही. दोन शब्द बोलायचे होते, 'माहीत नाही' एवढे दोन, ज्यांना चार कागद लागत नाहीत. मी माईक तोंडाशी नेला आणि म्हणालो, "कारण फोटो तीच काढते आहे."

काय सुचलं होतं! पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. उमरेडचे मामा "वा, वा" म्हणाले. मी स्वतःवर इतका खूश झालो की पडद्याकडं बघायचं राहिलं. टाळ्या थांबल्यावर मुलगी म्हणाली, "फोटोवाला तर पुढंच उभा आहे. आताच काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं त्यानं. मिशा आहेत त्याला."

मी पाहिलं. होत्या.

घरी बैठक झाली. उमरेडचे वडील आनंदात होते. त्यांनी माझी पाटी वाचली, वाखाणली. मॅडम पाहुण्यांना सोडायला स्वतः मोटार स्टँडवर गेल्या. परत आल्या तेव्हा आई दारातच उभी होती.

"काय म्हणे जी, मॅडमबाई?"

"बापाचा हो आहे. पोरीचा नाही आहे."

"मग बापाचा हो आहे तं..."

"बाप म्हणते, आमच्या घरी पोरीचं चालते."

आई खाली बसली. मी विचारलं, "काहून?" होय, 'काहून' म्हणालो. त्या क्षणी पुस्तकी शब्द आठवेना.

"मी विचारलं नाही," मॅडम म्हणाल्या. "हो म्हणणाऱ्याले कोणी कारण विचारत नाही, मग नाही म्हणणाऱ्यालेच काहून विचारायचं?" मग माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचा आवाज जरा उतरला. "एवढ्या वर्षांत देशोदेशीच्या प्रेमाच्या गमती पाहिल्या गा. शेवटच्या रिळात 'नाही' म्हणणारी पोट्टी मले एकाही सिनेमात भेटली नाही. आज भेटली, तं थे नेमकी तुह्या वाट्याले आली. मले आनंद झाला, अन् तुह्यासाठी वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे. माफ कर."

मी माफ केलं नाही. सोसायटीत जायचं सोडलं. पुढच्या रविवारी मी आढ्याकडं बघत पडून राहिलो. मॅडम बोलवायला आल्या, मी डोकं दुखतंय म्हणालो. त्या 'बरं' म्हणाल्या आणि माझ्याजवळ न बसता शेजारच्या खोलीत गेल्या, जिथं आई आणि गल्लीतल्या दोघी-तिघी कांड्या भरत बसल्या होत्या. मग त्या वारंवार येऊ लागल्या, माझ्यासाठी नाही. रविवारची प्रार्थना आटोपून, सोसायटीचा खेळ सोडून त्या आमच्या मागाच्या खोलीत चटईवर, भिंतीला टेकून बसत. आणि 'मग?' याखेरीज एक प्रश्न म्हणून विचारत नसत. नुसत्या ऐकत. त्यांची मान मी तेव्हा पहिल्यांदा सरळ पाहिली.

कारण बाया सिनेमा पुढं नेत होत्या. रहाटाची घरघर आणि तिच्यात एकेकीचा आवाज. त्या मुलीला त्यांनी नाव दिलं. गाव दिलं, गावाजवळ तळं दिलं, सक्करदऱ्याच्या तळ्याएवढं. एक आजारी आई आणि एक ऐतखाऊ भाऊ दिला. ती आरशाजवळ का हसली, नावेच्या वेळी कुठं गेली होती, फोटोच्या दिवशी मागच्या दारानं निघून तिनं काय केलं, सगळं ठरत गेलं. एखादीला पटलं नाही तर मागचं उसवून पुन्हा. साहेब आणि टोपीवाली कधीच मागं पडले होते. त्यांचं लग्न टिकलं की नाही याची कुणाला पर्वा नव्हती. पलीकडच्या खोलीत मी पडून ऐकत असे. मला कुणी काही विचारत नव्हतं. वस्तीतल्या एकुलत्या एका पदवीधराला, ज्यानं तो सिनेमा तीनदा पाहिला होता!

एका रविवारी मला राहवलं नाही. उठून मागाच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. काकू सांगत होती की साहेबाच्या धाकट्या भावानं त्या मुलीला मागणी घातली. शिकलेला होता, नोकरी होती, घरच्यांना पसंत होता.

"मग?" मॅडम म्हणाल्या.

"मग काय," आई म्हणाली. "तिनं नाही म्हटलं."

"काहून?" मी दारातून विचारलं.

आईनं रहाट थांबवला नाही. वरही पाहिलं नाही. तुटलेला धागा बोटानं सांधत ती म्हणाली, "लय बोले थो."